गाव नसलेला संघ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मुख्य साखळीत तीस संघ आहेत. प्रत्येकाच्या नावाआधी त्याच्या गावाचं, नाहीतर राज्याचं नाव लागतं. बोस्टन, शिकागो, डेट्रॉइट, टेक्सास, मिनेसोटा. २०२५ च्या हंगामात मात्र गुणतक्त्यात एक नाव उघडंबोडकं उभं होतं, नुसतं 'ॲथलेटिक्स'. त्याआधीची सत्तावन्न वर्षं, म्हणजे १९६८ पासून २०२४ पर्यंत, हा संघ 'ओकलंड ॲथलेटिक्स' होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं, गोदीकामगारांचं ओकलंड हे त्याचं गाव. या संघाची मी १९९६ पासूनची भक्त. तो गाव सोडून गेला त्याची ही हकिकत आहे, आणि त्याबद्दलची माझी काही मतंही.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही, म्हणून आधी एक गोष्ट सांगायला हवी. या खेळात प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेर सुरुवात होते आणि सप्टेंबर सरेपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. त्यातले निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर. त्यामुळे बेसबॉल हा दिवाळीसारखा सण नाही, तो रोजचा चहा आहे. अजिंक्यपद मिळवणारा संघसुद्धा बहुधा साठेक सामने हरतो. आज हरलो तरी उद्या पुन्हा यायचं, एवढंच हा खेळ आपल्या चाहत्यांना शिकवतो. आणि म्हणूनच संघ गाव सोडून जातो तेव्हा करमणूक गेली असं वाटत नाही, रोजची सवय मोडते.

ॲथलेटिक्सला स्थलांतर नवं नाही. संघाचा जन्म १९०१ चा, फिलाडेल्फियातला. कॉनी मॅक नावाचे गृहस्थ पहिल्या दिवसापासून १९५० पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास हंगाम, या संघाचे व्यवस्थापक होते. खेळाडूंचा गणवेश न घालता ते साध्या सुटात बसत. १९०२ मध्ये न्यू यॉर्कच्या जॉन मॅग्रॉ यांनी हिणवलं, की हा संघ म्हणजे मालकाच्या गळ्यात पडलेला पांढरा हत्ती आहे. मॅकनी शांतपणे तोच हत्ती संघाचं चिन्ह म्हणून उचलला. आजही तो गणवेशावर आहे. पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको!

मॅकनी फिलाडेल्फियात पाच अजिंक्यपदं मिळवली. पण पैशाची ओढाताण झाली की ते चांगले खेळाडू विकून टाकत. १९१४ च्या हंगामानंतर त्यांनी संघ मोडला आणि १९१६ मध्ये त्याच संघाने ३६ सामने जिंकले, ११७ हरले. पुढे १९२९ आणि १९३० मध्ये पुन्हा अजिंक्यपद, पुन्हा विक्री. घडवायचं आणि विकायचं, ही या घराण्याची जुनी खोड. १९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीला गेला. तिथल्या तेरा हंगामांत एकदाही त्याच्या पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नाहीत.

१९६८ मध्ये मालक चार्ली फिनली यांनी तो ओकलंडला आणला. फिनली म्हणजे एक अवलिया. संघाला हिरवा-सोनेरी गणवेश दिला, मैदानात खेचर मिरवलं, १९७२ मध्ये मिशा वाढवणाऱ्या खेळाडूंना तीनशे डॉलर बक्षीस दिलं. खेळाडूंशी त्यांचं रोज वाजायचं. तरी संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं जिंकली. न्यू यॉर्क यांकीज सोडले तर हा पराक्रम दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेला नाही. पुढे खेळाडूंना मुक्तपणे करार करण्याचा हक्क मिळाला, पगार वाढू लागले, आणि फिनलींनी संघ सुटा सुटा विकायला काढला.

आता दोन आकडे सांगते. माझं सगळं म्हणणं त्यांवर उभं आहे. १९७९ मध्ये फिनलींच्या विस्कटलेल्या संघाचे घरचे सगळे सामने मिळून ३,०६,७६३ लोकांनी पाहिले. एप्रिलमधल्या एका सामन्याला तर मैदानात ६५३ माणसं होती. ओकलंडला बेसबॉल नको आहे, असं तेव्हा सगळे म्हणाले. १९८० मध्ये संघ हास कुटुंबाने घेतला. हे लिव्हाइज जीन्सवाले, तिथलेच रहिवासी. त्यांनी चांगले खेळाडू आणले, टिकवले, गावात मिसळले. १९९० मध्ये त्याच मैदानावर त्याच गावातले आणि आसपासचे २९ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. गाव तेच आणि मैदान तेच होतं, बदलला होता फक्त मालक.

त्या दशकाचा नायक रिकी हेंडरसन. तो ओकलंडमध्येच लहानाचा मोठा झाला. बेसबॉलमध्ये गोलंदाज चेंडू टाकायच्या बेतात असताना पुढच्या बेसकडे पळत सुटायचं, याला 'बेस चोरणं' म्हणतात. १९८२ च्या एका हंगामात रिकीने १३० बेस चोरले आणि कारकिर्दीत १४०६. दोन्ही विक्रम अबाधित आहेत. १९८९ मध्ये अंतिम मालिकेत ॲथलेटिक्ससमोर खाडीपलीकडचाच सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघ होता. १७ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर, संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी, मोठा भूकंप झाला. ओकलंडमधला दुमजली महामार्ग कोसळून ४२ माणसं गेली. दहा दिवसांनी मालिका पुन्हा सुरू झाली, ॲथलेटिक्सने चारही सामने जिंकले, पण शॅम्पेन उडवली नाही. गाव सुतकात असताना संघानेही सुतक पाळलं. गावाचा संघ म्हणतात तो हा.

मी अमेरिकेत पोहोचले तेव्हा हास गेले होते आणि संघाचे दिवस फिरले होते. आम्ही राहत होतो फ्रीमाँटला. तिथून लोकल गाडी थेट कोलिझियमच्या दाराशी नेई. पण मला हा खेळ कळला तो रेडिओवर. बाळ ज. पंडितांच्या मराठी धावत्या वर्णनावर कान तयार झालेल्या बाईला बिल किंग यांचा आवाज ओळखीचा वाटला यात नवल नाही. १९८१ पासून २००५ पर्यंत, पंचवीस हंगाम, ते ॲथलेटिक्सचे समालोचक होते. स्वयंपाक करता करता त्यांना ऐकत मी बेसबॉल शिकले.

२००२ चा हंगाम मी असाच ऐकला. बिली बीन हे तेव्हाचे सरव्यवस्थापक. यांकीजच्या तुलनेत एक तृतीयांश पगारखर्चात त्यांनी १०३ सामने जिंकणारा संघ उभा केला. त्यात लागोपाठ वीस विजय होते. विसाव्या सामन्यात आम्ही ११-० पुढे होतो, कॅन्सस सिटीने ११-११ अशी बरोबरी केली आणि शेवटच्या डावात स्कॉट हॅटेबर्गने चेंडू भिरकावून सामना जिंकून दिला. यावर मायकेल लुईस यांचं 'मनीबॉल' हे पुस्तक २००३ मध्ये आलं, पुढे २०११ मध्ये सिनेमा निघाला. दुर्लक्षित खेळाडूंचं मोल आकडेमोडीने ओळखणं हे खरोखर बुद्धीचं काम होतं. पण माझी एक तक्रार आहे. त्या संघाचा कणा होते झिटो, हडसन आणि मल्डर हे तीन तरुण गोलंदाज आणि मिगेल तेहादा. या पहिल्या दर्जाच्या खेळाडूंची गोष्ट मागे पडली, 'स्वस्तातही जिंकता येतं' एवढंच जगाने लक्षात ठेवलं. काटकसर ही गरिबाची युक्ती असते तोवर कौतुकाची. पुढे तीच श्रीमंत मालकांची सबब झाली. खेळाडू घडले की विकायचे, आणि मग प्रेक्षक का येत नाहीत असं विचारायचं.

२००५ नंतरच्या मालकांनी नव्या मैदानाचा शोध सुरू केला. आमच्या फ्रीमाँटची योजना २००९ मध्ये बारगळली. मग सॅन होजे. तिथे जायंट्सनी हक्क सांगितला. गंमत अशी, की तो हक्क हास यांनीच एके काळी शेजारधर्म म्हणून जायंट्सना फुकट दिला होता! कोर्टातही काही साधलं नाही, कारण १९२२ पासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. नंतर ओकलंडच्या बंदरावरची जागा. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये लास व्हेगासची घोषणा झाली. गावाचा बास्केटबॉल संघ २०१९ मध्ये आणि फुटबॉल संघ २०२० मध्ये आधीच गेला होता.

चाहत्यांनी यावर जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो. बहिष्कार सगळेच घालतात. यांनी उलटा बहिष्कार घातला. १३ जून २०२३ रोजी, दुबळ्या संघाचा मंगळवारचा सामना पाहायला २७,७५९ लोक जमले आणि 'संघ विका' असं एका सुरात ओरडले. माणसं आहेत, संघावर प्रेम आहे, राग मालकावर आहे, हे त्यांनी आकड्याने सिद्ध केलं. आमचा संघ तो सामना जिंकलाही. पण त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये तीसही मालकांनी स्थलांतराला संमती दिली. त्या हंगामात आम्ही ५० जिंकलो, ११२ हरलो.

२६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक आले. टेक्सासविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला. व्यवस्थापक मार्क कॉटसे यांनी मैदानात उभं राहून लोकांचे आभार मानले आणि ओकलंडच्या नावाचा गजर करायला लावलं. लोक जाताना मैदानातली माती घेऊन गेले. त्याच डिसेंबरमध्ये रिकी हेंडरसनही गेला.

आणि मग आला २०२५ चा हंगाम. लास व्हेगासचं मैदान २०२८ साठी ठरलेलं. तोवर संघाचा मुक्काम सॅक्रामेंटोशेजारी, चौदाएक हजार प्रेक्षकांच्या, खालच्या साखळीसाठी बांधलेल्या मैदानावर. नावात सॅक्रामेंटोही नाही. खेळ मात्र चांगला झाला, हे मान्य करायला हवं. ७६ विजय, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपेक्षा २६ जास्त. निक कर्ट्झ या नवोदिताने जुलैत ह्यूस्टनला एकाच सामन्यात चार होमरन मारले. नवोदिताने असं करण्याची ही पहिलीच वेळ. वर्षाचा सर्वोत्तम नवोदितही तोच ठरला. मी ते सगळं पाहिलं. मुलगा कौतुकाचा आहे. पण हे खेळाडू ओकलंडमध्ये असते तर, हा विचार प्रत्येक होमरनबरोबर येत राहिला. चांगला हंगाम हरलेल्या हंगामापेक्षा जड जाऊ शकतो, हे मला नव्याने कळलं.

पुणेकरांना हे थोडं तरी समजेल. पुण्याचा एक आयपीएल संघ २०११ ते २०१३ एवढाच टिकला. दुसरा २०१६ मध्ये आला, २०१७ चा अंतिम सामना एका धावेने हरला आणि संपला. पण रणजीचा मुंबईचा संघ कोणी उद्योगपती विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. तो संघ संघटनेचा असतो, एका माणसाच्या मालकीचा नसतो. अमेरिकेने खेळाला उत्तम धंदा बनवलं, नेमकी हीच तजवीज ठेवली नाही.

कागदोपत्री १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९ ची अजिंक्यपदं आता संघाबरोबर लास व्हेगासला जातील. मला ते पटत नाही. करार मालकाचा, करंडक मालकाचा, पण १९८९ च्या सुतकातला विजय ओकलंडचाच. २०२३ मध्ये तिथल्याच दोघा चाहत्यांनी 'ओकलंड बॉलर्स' नावाचा छोटा संघ काढला. त्याच्या मालकीचे काही भाग सामान्य चाहत्यांनी विकत घेतले. २०२४ पासून तो गावातल्या रायमोंडी पार्कवर खेळतो आणि २०२५ मध्ये त्याने आपल्या साखळीचं अजिंक्यपद मिळवलंही. ही साखळी अगदी खालची, चुकाही फार होतात. पण गणवेशावर गावाचं नाव आहे. ॲथलेटिक्सचे निकाल मी वर्तमानपत्रात वाचेन. तिकीट मात्र बॉलर्सचं काढेन.