दाक्कोर्दो

इटालियन शिकायला लागलं की एक शब्द सारखा कानावर पडतो : दाक्कोर्दो. ‘मान्य’, ‘ठरलं’, ‘पटलं’ या तिन्ही जागी तो चालतो. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘कोर’, म्हणजे हृदय, आहे. त्याला ‘कडे’ या अर्थाचा ‘आद’ जोडून ‘आक्कोर्दारे’ हे क्रियापद घडलं : मनाशी मन जुळवणं. आपल्या ‘श्रद्धा’मधला ‘श्रद्’ हा याच ‘कोर’चा दूरचा भाऊबंद. हे कळल्यापासून हा परका शब्द मला घरचाच वाटतो.

पुढे त्यात संगीत शिरलं. व्हायोलिन सुरात लावणं म्हणजेही ‘आक्कोर्दारे’, आणि एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ म्हणजे ‘आक्कोर्दो’. व्हिएन्नात १८२९ साली सिरिल डेमियनने पेटंट घेतलेल्या अकॉर्डियनचं नावही याच कुळातलं. मतं जुळली की आपणही ‘सूर जुळले’ म्हणतोच की! फ्रेंच ‘दाकोर’ तर ‘दाक्कोर्दो’चं सख्खं भावंड.

आज इटलीत किरकोळ होकाराला ‘वा बेने’ पुरतं, ‘ओके’ही सर्रास ऐकू येतं. पण समोरच्याचं मत हवं असेल तर ‘सेइ दाक्कोर्दो?’ असं विचारतात. पटलं नाही, तर उत्तर येतं, ‘नोन सोनो दाक्कोर्दो’. आणि दोघांचं गुण्यागोविंदानं चाललं असेल, तर त्यांचं ‘दामोरे ए दाक्कोर्दो’ चाललंय असं म्हणतात : प्रेमानं आणि एकमतानं.