गाठ की चकती?

बादली उचलायला वाकावे आणि कंबरेत उसण भरावी, हा अनुभव अनेकांना असतो. बहुधा चार दिवसांत ती जाते. पण कधी कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते, पाय बधिर होतो. मग 'मणका सरकला' असे आपण म्हणतो. खरे तर मणका बहुतेक वेळा जागेवरच असतो. दोन मणक्यांमधली चकती फाटलेली असते. ही गोष्ट वैद्यकाला नीट उमगली ती १९३४ साली. गंमत अशी, की चकतीचे तुकडे त्याआधीही शल्यविशारदांच्या चिमट्यात आलेले होते.

१९११ मध्ये ग्लासगोच्या मिडलटन आणि टीचर यांनी एका माणसाची हकीकत छापली. जड वजन उचलताना त्याच्या पाठीत कटकन आवाज झाला, पाय लुळे पडले आणि पुढे तो दगावला. शवविच्छेदनात मज्जारज्जूलगत चकतीचा तुकडा सापडला. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये असेच दोन रुग्ण नोंदवले. तरीही एरवी असा पांढरट, चिवट तुकडा निघाला की अहवालात 'कूर्चेची गाठ' असे लिहिले जाई. गाठ आपली आपण वाढते. मग रुग्ण पडला होता का, त्याने ओझे उचलले होते का, हे विचारणार कोण?

डिसेंबर १९३२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मिक्स्टर यांनी एका तरुणावर शस्त्रक्रिया केली. बर्फावर स्कीइंग करताना त्याला इजा झाली होती. अहवाल नेहमीचाच आला : कूर्चेची गाठ. पण अस्थिशल्यविशारद जोसेफ बार यांना शंका आली. ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्ल यांनी हजारो कणे तपासून चकत्यांविषयी जे लिहिले होते, ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी तो तुकडा आणि निरोगी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. दोन्हींची ऊती एकच! मग रुग्णालयातल्या जुन्या 'गाठी' पुन्हा तपासल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच चकत्याच निघाल्या. १९३४ च्या लेखात दोघांनी १९ रुग्ण मांडले.

या चकतीची रचना पाहण्यासारखी आहे. मधोमध जेलीसारखा गर असतो; तरुणपणी त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी. प्रथिने आणि शर्करा यांचे प्रचंड, ऋणभारित रेणू हे पाणी धरून ठेवतात. भोवती कोलॅजेनच्या तंतूंचे १५ ते २५ थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एका थरातले तंतू उजवीकडे तिरके, तर पुढच्यातले डावीकडे. दोरी ओढ सोसते, पण दाबली की वाकते. कोलॅजेनचेही तसेच, म्हणून दाब गराने पेलायचा आणि त्यामुळे बाहेरच्या कड्यावर येणारा ताण तंतूंनी. दिवसभरात भाराखाली थोडे पाणी झिरपून जाते, रात्री परत येते. विद्यार्थ्यांना घरी उठल्याबरोबर आणि झोपण्यापूर्वी उंची मोजायला सांगा. सुमारे एक टक्क्याचा फरक दिसेल. वय वाढते तसे ते मोठे रेणू तुटतात, पाणी घटते. आणि रक्तवाहिन्या जवळजवळ नसल्याने फाटलेला कडा सहजी सांधत नाही.

मग भाराने चकती फुटते का? १९५० च्या दशकात प्रयोगशाळांत मृतांचे कणे यंत्रात सरळ दाबून पाहिले, तर चकतीआधी मणक्याचाच पृष्ठभाग मोडला! उत्तर १९८२ मध्ये लंडनला ॲडम्स आणि हटन यांच्या प्रयोगातून मिळाले. सांधा पुढे आणि किंचित बाजूला खूप वाकवून मग भार दिला, तेव्हा ६१ पैकी २६ चकत्या मागच्या बाजूने एकदम फुटल्या. वाकताना मागची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि गर नेमका तिकडेच रेटला जातो. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवला. उभे असताना दाब वातावरणाच्या सुमारे ५ पट, पाठ वाकवून २० किलो उचलताना २३ पट, गुडघे वाकवून उचलताना १७ पट.

१९३४ नंतर मात्र उलटेच झाले. पाठ दुखली की दोष चकतीचा ठरू लागला. १९९० मध्ये अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांना पाठदुखीचा त्रास कधीच झाला नव्हता अशा ६७ जणांची एमआरआय चित्रे काढली. साठीच्या आतल्या दर पाचांतल्या एकाची चकती बाहेर आलेली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.