वऱ्हाडच्या वधूचे वस्त्र

वऱ्हाडच्या वधूविषयी बोलायचे तर आरंभ रुक्मिणीपासूनच करावा लागतो. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर. आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास आली असता श्रीकृष्णाने तिला नेले, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. भावाने ठरविलेला वर नाकारून तिने आपला वर आपण निवडला. तिच्याच भूमीतील लेकींना मात्र पुढे कित्येक पिढ्या लग्नाचे लुगडेदेखील निवडता आले नाही. असे का व्हावे, याचा आज आम्ही विचार करणार आहोत.

लग्नातील पिवळ्या वस्त्रास आपण अष्टपुत्री म्हणतो. रंग हळदीचा, तो रूढीने ठरविलेला. नाव आठ पुत्रांच्या आशीर्वादाचे, ते वडिलधाऱ्यांच्या इच्छेचे. पुष्कळ घरी ते मामाकडून यावयाचे. बस्ता फाडावयास वडील मंडळी जात आणि नवरी घरीच राही. स्त्रियांना आवडनिवड नव्हती असे मात्र नाही. जात्यावरच्या ओव्यांत चंद्रकळेचे, काठापदराचे किती कौतुक आहे! पण ही आवड बोलून दाखविण्याचे वय येण्यापूर्वीच लग्न उरकलेले असे. आठ-दहा वर्षांच्या पोरीला नऊवारी सावरता येत नसे. तिला काठ कोणता हवा, हे कोण विचारणार? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरविले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने १५ आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. वधूच्या आवडीचा इतिहास हा असा तिच्या वयाच्या इतिहासाशी बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट कापसाची. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने येथील कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि १८६७ पर्यंत आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली. कापूस गाठींनी बाहेर गेला आणि विलायती कापड होऊन परत आला. श्रीमंतांचा शालू बनारसचा, पैठणी पैठण-येवल्याची. भंडारा-नागपूरकडील विणकरांची करवतकाठी मात्र विदर्भाची स्वतःची; करवतीच्या दात्यांसारखा तिचा काठ ओळखू आल्यावाचून राहत नाही.

वस्त्र निवडताना ते विणणाऱ्याची आठवण ठेवणे ही केवळ आपलीच कल्पना नव्हे. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये आपल्या लग्नाच्या पोशाखासाठी होनिटनची हातविणीची जाळी घेतली, ती तेथील कारागिरांना काम मिळावे म्हणून. १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंनी, वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची खादीची साडी लग्नात नेसली.

आज नवरी स्वतः दुकानात बसते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु व्याह्यांचा मानपान आणि लोक काय म्हणतील ही धास्ती तिच्या शेजारीच बसलेली असते. कर्ज काढून लग्ने करू नका, असे गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून सांगत राहिले. १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. कापूसउत्पादकाच्या घरी त्या उपदेशाची निकड आजही आहे. सावकाराच्या पैशाने घेतलेला शालू मुलीने पसंत केला, तरी त्याला तिची निवड कसे म्हणावे? बापाच्या ऐपतीचा आकडा तिला आधी मोकळेपणाने सांगावा आणि मग दुकानदाराने गठ्ठा तिच्यापुढे सोडावा. ती ज्या काठावर हात ठेवील, तो वडिलांनी मान्य करावा.