चिखल्याच्या खाणी आणि दवाखान्याच्या वहींतील ‘वेडा’

सनद, महजर, करीना, वतनपत्र यांविषयीं आपल्या संशोधकांस जी आस्था असते, ती दवाखान्याच्या नोंदवहीविषयीं क्वचितच आढळते. कागद फार जुना नाहीं, अक्षर मोडी नाहीं, माथ्यावर शिक्का नाहीं, एवढ्यावरून तो रद्दींत जातो. वस्तुतः महजरांत साक्षीदाराच्या एका शब्दावर वतन राहत अगर जात असे, तसेंच दवाखान्याच्या वहींत डॉक्टरानें किंवा कंपौंडरानें लिहिलेल्या एका शब्दावर मजुराचें उरलेलें आयुष्य ठरूं शके. तो शब्द कोणता, तो लिहिणारास कोणीं शिकविला, आणि तो बदलण्यास किती काळ लागला, याचा विचार भंडारा जिल्ह्यांतील चिखला या खाणीच्या गांवाच्या अनुषंगानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिखला हें तुमसर तालुक्यांतील गांव. नांवाच्या व्युत्पत्तीच्या चिखलांत आम्ही शिरत नाहीं. तुमसराहून तिरोडीकडे जो रेल्वेचा फांटा जातो, त्यावरील गोबरवाही स्टेशन येथून जवळ आहे. नागपूर, भंडारा व बालाघाट या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा जो प्रसिद्ध पट्टा गेला आहे, त्यांत या गांवाची गणना होते. भूगर्भशास्त्रज्ञ ले फर्मर यांनीं हिंदुस्थानांतील मँगनीजवर आपला विस्तृत ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला, आणि या भागांतील एका खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. खडकाला गोंडांचें नांव लाभलें. खाणींत उतरणाऱ्या गोंडाचें नांव मात्र हजेरीपटाबाहेर फारसें आलें नाहीं. १८९६ पासून या पट्ट्यांत काम करणाऱ्या इंग्रजी कंपनीच्या जागीं १९६२ सालीं ‘मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड’ ही नवी कंपनी उभी राहिली, व १९७७ सालीं ती सर्वस्वीं सरकारी झाली. खाणीच्या व्यापाराचा इतिहास याहून पुष्कळ मोठा आहे. आम्हांस येथें त्याचें कारण नाहीं.

कारण आहे तें मँगनीजच्या धुळीचें. १८३७ सालीं ग्लासगो येथील कूपर नांवाच्या वैद्यानें मँगनीजची पूड करणाऱ्या पांच मजुरांची हकीकत छापली. त्यांचे पाय लटके पडले होते, चाल डगमगत होती. पुढें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या खाणींत हाच रोग इतका परिचित झाला कीं, तेथील लोक त्यास सरळ ‘मँगनीजचें वेड’ म्हणूं लागले. तें नांव उगाच पडलें नाहीं. कित्येक रोग्यांत प्रथम शरीर बिघडत नाहीं, मन बिघडतें. माणूस कारणावांचून हंसतो, कारणावांचून रडतो, झोंप उडते, शांत स्वभावाचा मनुष्य भांडखोर होतो, एकाएकीं धांवत सुटतो, नाहीं तें त्यास दिसतें. कांहीं महिन्यांनीं ही खळबळ ओसरते, आणि मग चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, आवाज बसतो, चवड्यांवर चालण्याची विचित्र ढब येते. मागें पाऊल टाकावयास सांगितलें तर रोगी कोसळतो. पहिल्या अवस्थेंत धुळींतून बाहेर काढल्यास पुष्कळ सुधारणा होऊं शकते; उशीर झाल्यास मेंदूची हानि भरून येत नाहीं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. दाराब दस्तूर व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ च्या सुमारास माकडांवर प्रयोग करून शरीरांत गेलेलें मँगनीज मेंदूच्या कोणत्या भागांत व किती काळ राहतें याचा शोध घेतला. म्हणजे या विषयांत महाराष्ट्राचा हात अगदींच रिकामा नाहीं.

चिखल्याच्या नांवावर आम्ही एकही रोगी मांडीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या खनिजावर हें गांव जगतें त्याच्या धुळीचा हा गुण असल्यामुळें, खाणीच्या दवाखान्यांत बसणारास तो ठाऊक असणें अगर नसणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

ती किती गंभीर आहे हें कायद्यांवरून दिसेल. १९५२ च्या खाणकायद्याच्या २५ व्या कलमान्वयें, सरकारनें जाहीर केलेल्या रोगांपैकीं एखादा रोग खाणमजुरास झाला आहे असें डॉक्टरास वाटल्यास, त्यानें मुख्य निरीक्षकास विलंब न लावतां लेखी कळवावें असें बंधन होतें; आणि त्या रोगांच्या यादींत मज्जातंतूंवर परिणाम करणारी मँगनीजची विषबाधा पुढें आली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टांतही कालांतरानें मँगनीजचा समावेश झाला. पण त्याच काळीं १९१२ चा चौथा कायदाही जिवंत होता, आणि तो १९९३ पर्यंत जिवंत राहिला. त्यांत ‘ल्यूनॅटिक’ या शब्दाची व्याख्या जन्मजात जडबुद्धि अगर चित्त ठिकाणावर नसलेला मनुष्य अशी होती, व असा मनुष्य भटकतांना आढळल्यास पोलिसानें त्यास धरून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें अशी तजवीज होती. आतां पाहावें. मजूर एकच, लक्षणें तींच. वहींत ‘मँगनीजची विषबाधा’ असें लिहिलें तर त्याची वाट निरीक्षकाकडे व भरपाईकडे. ‘वेडा’ असें लिहिलें तर चौकीकडे व तेथून वेड्यांच्या इस्पितळाकडे. आणि ‘दारूडा’ असें लिहिलें तर कोठेंच नाहीं, नुसती कामावरून बडतर्फी. धुळीचा दोष माणसाच्या अंगीं चिकटविण्यास एक शब्द पुरे होता.

असा शब्द लिहिणारास आम्ही दुष्ट समजत नाहीं. त्याला जें शिकविलें तें त्यानें लिहिलें. मध्यप्रांत १८६१ त निर्माण झाला, आणि १८६४ त नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें. भंडारा जिल्ह्यास तेंच जवळचें होतें. त्या काळच्या या संस्थांची घडण दवाखान्याची कमी व तुरुंगाची अधिक होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांवर तुरुंगखात्याच्या वरिष्ठांची देखरेख असे. रोग्यांच्या सेवेस असलेल्या माणसास परिचारक न म्हणतां राखणदार म्हणत. राखणदारास कुलूप लावण्याचें शिक्षण पुरे होतें. १९२० च्या सुमारास या संस्थांचें इंग्रजी नांव बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ असें झालें. त्याच सुमारास रांची येथें बर्कले-हिल यांनीं केवळ कोंडून ठेवण्याऐवजीं रोग्यांस कामांत गुंतविण्याची पद्धत चालविली. परंतु पाटी बदलल्यानें लोकांची जीभ बदलत नाहीं. नागपुरांत त्या ठिकाणच्या चौकास लोक ‘पागलखाना चौक’ म्हणत आले. जी जागा लांच्छनाची, तेथें नोकरी करणारासही तें लांच्छन चिकटतें, आणि मग तो तें आपल्यापासून झटकून रोग्यावर दुप्पट टाकतो. सेवकवर्गांतील तिरस्काराचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

१९४३ ते १९४६ या काळांत आरोग्याची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यांच्या समितीकरितां कर्नल मूर टेलर यांनीं देशांतील मनोरुग्णालयें स्वतः फिरून पाहिलीं, आणि बहुतेक ठिकाणीं माणसें अपुरीं, शिक्षण अपुरें, व इमारती बऱ्या करण्यापेक्षां अडकवून ठेवण्यासाठीं बांधलेल्या, असा कडक अभिप्राय दिला. तेव्हां सबंध देशांत अशा सुमारें १०,००० खाटा होत्या, म्हणजे सरासरी ४०,००० लोकांमागें एक.

आमच्या जुन्या वैद्यकाच्या बाडांत याहून चांगली समज होती काय, असा प्रश्न पोथ्या जमविणारे अवश्य विचारतील. उत्तर मिश्र आहे. चरकसंहितेंत निदान व चिकित्सा या दोन्ही स्थानांत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि उन्मादाचा दोष देव-गंधर्व-पिशाचांवर टाकूं नये असें त्यांत निर्भीडपणें म्हटलें आहे. हें थोरपण खरें. पण देवांस मोकळें करून तो दोष रोग्याच्याच प्रज्ञापराधावर ठेवला आहे. त्याच्या कामाच्या जागेवर ठेवण्याची कल्पना त्या काळीं कोठून असणार! लिहिण्याच्या शिस्तीचा नमुना पाहावयाचा तर तो विदर्भांतच, रिद्धपुरास सांपडतो. गोविंदप्रभु हे लोकांच्या दृष्टीनें वेडे होते. त्यांच्या चरित्रांत तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें ते काय बोलले, कोठें गेले, कोणीं पाहिलें, इतकेंच नेमकें टिपलें. भक्तीची बाजू क्षणभर दूर ठेविली तरी, निर्णय न देतां वर्तन लिहिण्याची ही रीत कोणत्याही दवाखान्याच्या वहीस शोभण्यासारखी आहे. ‘वेडा’ हा निर्णय आहे. ‘तीन रात्री झोंप नाहीं, विनाकारण हंसतो, मागें चालतां पडतो’ ही नोंद आहे. दुसऱ्या प्रकारें लिहिलें असतां जाणता डॉक्टर पुढें रोग ओळखूं शकतो. पहिल्या प्रकारें लिहिलें कीं चौकशीच संपली.

ही रीत शिकविण्याची व्यवस्था फार हळू आली. बंगलोरास १९५४ त अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, व १९५६ पासून तेथें परिचारिकांचा मनोरुग्णसेवेचा अभ्यासक्रम चालू झाला. साध्या प्राथमिक केंद्रांतील सेवकांस मनाचे रोग ओळखावयास शिकविण्याचे प्रयोग १९७५ च्या सुमारास बंगलोरजवळ साकलवाडा व हरियाणांत रायपूर राणी येथें झाले. १९८२ त राष्ट्रीय कार्यक्रम, १९९६ त जिल्हा कार्यक्रम. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांत लांच्छन दूर करण्याचें कार्य सरकारचें कर्तव्य म्हणून घातलें, आणि सरकारी आरोग्यसंस्था व तुरुंग यांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांस या विषयाचें निदान मूलभूत व तातडीचें शिक्षण द्यावें असें ३१ व्या कलमांत सांगितलें. ‘ल्यूनॅटिक’ पासून ‘मनोरुग्ण’ व त्यापासून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ति’ असा कायद्याच्या भाषेचा प्रवास १९१२, १९८७ व २०१७ या तीन पायऱ्यांनीं झाला. म्हणजे माणूस आधीं व आजार मागून, हा क्रम यावयास १०५ वर्षें लागलीं.

यांत एक गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. लिहिणाराचा हात स्वतः आजारी पडला तर? दुसऱ्याच्या नांवापुढें ‘वेडा’ हा शब्द ज्यानें सहज लिहिला, त्यास तो शब्द स्वतःविषयीं उच्चारण्याची सर्वांत अधिक भीति वाटते, कारण त्याचें वजन त्यास ठाऊक असतें. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें नेमलेल्या समितीचा अहवाल २०२४ त आला. तिनें केलेल्या पाहणींत २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनीं उत्तरें दिलीं. त्यांतील शेंकडा २७.८ जणांनीं आपणांस मानसिक आजाराचें निदान झाल्याचें सांगितलें, आणि मदत न घेण्याच्या कारणांत गुप्तता न राहण्याची धास्ती व लोकापवाद हीं ठळक होतीं. वैद्यकाच्या शाळेंतच ही स्थिति, मग आडवळणाच्या खाणीच्या दवाखान्यांत, जेथें परिचारिका, कंपौंडर, मुकादम व रोगी एकाच वसाहतींत राहतात आणि एकाच नळावर पाणी भरतात, तेथें आपली झोंप उडाल्याचें कोण कोणास सांगणार? त्या ठिकाणीं शिक्षण द्यावयाचें तर तें आधीं लिहिणारास, व त्याच्या स्वतःच्या मनाविषयीं दिलें पाहिजे असें आमचें मत आहे. रोग्याविषयींचा त्याचा शब्द मागाहून आपोआप मऊ होतो.

संग्राहकांस आमची विनंति आहे. तुमसर, भंडारा, नागपूर या बाजूस जुन्या खाणींच्या दवाखान्यांच्या वह्या, परिचारिकांच्या अभ्यासाच्या टिपणवह्या, सेवकांसाठीं छापलेलीं मराठी पत्रकें रद्दीवाल्यांकडे आढळल्यास तीं सोडूं नयेत. नक्कल करतांना रोग्याचें नांव, गांव व जात झांकावी. जुन्या कागदांत नांव हेंच आपलें धन असतें हें खरें, पण येथें तें दुसऱ्याचें आहे, व रोग्याची गुप्तता आज कायद्यानेंही राखलेली आहे. रोगाचा मूळ शब्द मात्र, ‘पागल’ असो कीं ‘बाहेरचें लागलें’ असो, शाईच्या रंगासह जशाचा तसा उतरून घ्यावा, आणि एकाच हातानें तो पुढें कोणत्या वर्षीं बदलला तें समासांत लिहावें.