प्लेऑफमधील यशाचे मोजमाप (आइस हॉकी)

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या ८२ साखळी सामन्यांनंतर १६ संघांची बाद फेरी, म्हणजेच प्लेऑफ, रंगते. चार फेऱ्यांत दर वेळी सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. स्टॅन्ली चषकासाठी एकूण १६ विजय हवेत.

यशाची सर्वांत जुनी मापे म्हणजे चषक, जिंकलेल्या मालिका आणि विजयांची टक्केवारी. ती निकाल सांगतात, खेळाचा दर्जा नाही. सात सामन्यांचा नमुना इतका लहान असतो, की एखाद्या गोलरक्षकाचा बहर मालिकेचे पारडे फिरवतो. २०१८-१९ मध्ये ६२ साखळी सामने जिंकणाऱ्या टॅम्पा बे लाइटनिंगला पहिल्याच फेरीत कोलंबस ब्लू जॅकेट्सने ४-० असे नमवले. २०२२-२३ मध्ये ६५ विजयांचा विक्रम करणारे बोस्टन ब्रुइन्स फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध ३-१ अशा आघाडीनंतरही हरले.

म्हणून विश्लेषक गोलांपलीकडे पाहतात. गोलरक्षकांचे प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘कॉर्सी’ निर्देशांक गोलवर गेलेले, हुकलेले व अडवलेले असे सारे फटके मोजतो. ‘अपेक्षित गोल’ या मापात फटक्याचे अंतर व कोनही धरतात. ‘पीडीओ’ ही फटक्यांच्या व बचावाच्या यशाच्या टक्केवारींची बेरीज. ती १०० पासून फार दूर गेली, तर नशिबाचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते.

केवळ गोलांचे आकडे फसवे ठरू शकतात, हे २०१२ मध्ये दिसले. तेव्हा पश्चिम विभागातून आठव्या मानांकनाने आलेल्या लॉस एंजेलिस किंग्जने साखळीत मोजकेच गोल केले होते. तरी त्यांनी प्लेऑफमधील २० पैकी १६ सामने जिंकून चषक पटकावला.