परदेशस्थ स्त्री-व्यवस्थापक : स्थानिक सहकाऱ्यांचा दृष्टिकोन

परदेशातील कार्यालयात नेमलेल्या स्त्री अधिकाऱ्यांकडे तेथील कर्मचारी कसे पाहतात, हा आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनातील एक अभ्यासविषय. स्थानिक लोक स्त्रीचा अधिकार मानणार नाहीत, या समजुतीने कंपन्या स्त्रियांना परदेशी पाठविण्यास कचरत. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या नॅन्सी ॲडलर यांनी आशियात काम केलेल्या उत्तर अमेरिकी स्त्री-व्यवस्थापकांच्या मुलाखतींच्या आधारे 1987 मध्ये ही समजूत खोडून काढली. जपानसारख्या देशांतही सहकारी या स्त्री-व्यवस्थापकांना प्रथम परदेशी व नंतर स्त्री मानत. त्यामुळे स्थानिक स्त्रियांवरील निर्बंध त्यांना सहसा लागू होत नसत. त्यांचे वेगळेपण ग्राहकांच्या चटकन लक्षात राही. मात्र परकेपणामुळे लाभणारा हा मान स्थानिक स्त्रियांच्या वाट्याला आपोआप येत नाही. ही विषमता दूर करण्यासाठी त्यांनाही तेवढेच अधिकार मिळणे आवश्यक ठरते.