आधी कायदा कुणासाठी झाला?

केळी, कापूस आणि सोन्याच्या पेढ्या, ही जळगावची ओळख. पण २०११च्या जनगणनेने आणखी एक ओळख दिली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जिल्ह्यात ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. आदिवासीबहुल नंदुरबारचा आकडा ९४४, आणि धुळे या दोहोंच्या मधे. म्हणजे खानदेशात जिथे पैसा जास्त, तिथेच मुली कमी!

गंमत अशी, की गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी केली, तेव्हा बेचाळीस जण गर्भजलपरीक्षा करत असल्याचे आढळले. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे यांनी विधानसभेत आवाज उठवला आणि सरकारला हलावे लागले. पण कायदा करताना खासगी केंद्रांना परवाना घेऊन चाचणी करण्याची वाट मोकळी राहिली. डॉक्टर दुखावू नयेत, ही काळजी त्यात उघड दिसते. १९९४च्या केंद्रीय कायद्यानेही अंमलबजावणीचे दुखणे बरे केले नाही. तोवर सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावी आली होती.

याच काळात मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मूल नसलेल्या जोडप्यांना आशा मिळाली, आणि वांझ म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला तर जरा जास्तच. पण या उपचारांसाठी कायदा कुणी मागितला नाही. मागणारी जोडपी दबलेली, गप्प. मोर्चा काढणार कोण? २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे आली, पण ती बंधनकारक नव्हती. मग २००८, २०१०, २०१४ असे मसुद्यांवर मसुदे झाले.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या मुलाच्या हव्यासापायी. गर्भ रुजण्याआधीच मुलगा निवडता येतो म्हटल्यावर ‘सेहत’, ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००३च्या दुरुस्तीने अशी निवडही गुन्हा ठरली. दोन मुलींनंतर मुलगा निवडू द्या, अशी मागणी २००७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही फेटाळली.

वंध्यत्वाच्या उपचारांवरचा स्वतंत्र कायदा संसदेने केला तो २०२१ च्या डिसेंबरात. हर्षाच्या, म्हणजे केईएममधल्या त्या बाळाच्या जन्मानंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. लिंगनिवडीला त्यातही मनाई आहे, आणि तशी जाहिरात करणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. चोपड्याची किंवा शिरपूरची एखादी सून आज मूल व्हावे म्हणून केंद्राची पायरी चढते, तेव्हा तिच्या बाजूने हा कायदा आहे. सासरच्या माणसांना मात्र अजूनही मुलगाच हवा असतो, आणि तिच्याआधी डॉक्टरांशी बोलायला तेच पुढे होतात.